रिकामी जागा सोडायला शिकताना

अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की फोन उचलतो आणि बोलायला लागतो. पेशंट कोण, तक्रार काय, तपासणीत काय सापडलं, कोणती औषधं दिली, पुन्हा कधी बोलावलं. या बोलण्याची फाइल होऊन ती इंटरनेटवरून इकडे येते. इथे कुणीतरी कानाला हेडफोन लावून ती ऐकतं, टाइप करतं आणि ठरलेल्या मुदतीत तो रिपोर्ट पेशंटच्या रेकॉर्डमध्ये जाऊन बसतो. पुढचा डॉक्टर, नर्स, विमा कंपनी सगळे तोच कागद वाचतात. या कामाला मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. आम्ही नुसतं एमटी म्हणायचो.

मी हे काम पुण्यात शिकले. सुरुवात २००३ साली केली. तेव्हापासून आजवर ‘म्हणजे टायपिंग ना?’ हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की हे शिक्षण नक्की कसलं असतं ते एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. टायपिंग त्यात आहेच, पण तो सगळ्यात लवकर संपणारा भाग.

त्या काळी पुण्यात एमटीचं पेव फुटलं होतं. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत रोज नवं नाव. ‘कोणताही पदवीधर चालेल, शंभर टक्के नोकरीची हमी.’ माझं बी.एस्सी. झूलॉजीत झालेलं होतं. एम.एस्सी. करायचं तर घरची परिस्थिती नव्हती, आणि बी.एड.च्या प्रवेशासाठी वर्षभर थांबावं लागणार होतं. साताऱ्याहून मी पुण्यात आले आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले. खोलीत आम्ही चौघी, त्यातल्या दोघी एमटीवाल्याच. एकीने माझ्या आधी दुसऱ्या एका संस्थेत भली मोठी फी भरली होती. तिथे पुस्तकं मिळाली, शरीरशास्त्राचे तास झाले, जुन्या कॅसेटवरून सराव झाला आणि मग एक दिवस संस्थेला कुलूप लागलं. फी परत मिळाली नाही. तिची ती अवस्था बघून मी एकच गोष्ट ठरवली: जिथे वरच्या मजल्यावर खरोखरचं काम चालतं आणि खाली शिकवतात, अशाच ठिकाणी जायचं. तसं ठिकाण मिळालं. एका कंपनीने स्वतःच्या गरजेपुरती बॅच काढली होती. प्रवेशपरीक्षेत इंग्रजी व्याकरण, शुद्धलेखन आणि ऐकून लिहायचा एक उतारा. फी होती, पण लाइव्ह कामाला, म्हणजे खऱ्या पेशंटच्या फाइल्सना, लागल्यावर ती विद्यावेतनातून थोडी थोडी वळती करून घ्यायचे.

पहिले काही आठवडे फक्त इंग्रजी. मी मराठी माध्यमातली. वाचलेलं इंग्रजी मला समजायचं, लिहिताही यायचं, पण अमेरिकन माणूस भराभर बोलायला लागला की वाक्याचे सांधे गळून पडायचे. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ असली उपपदं नसतात, त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकींच्या कानांना ती ऐकूच यायची नाहीत. डॉक्टर तर ती जवळजवळ गिळूनच टाकतात. आम्हाला बातम्यांच्या ध्वनिफिती ऐकवायचे आणि एकही शब्द न गाळता लिहून काढायला सांगायचे. ‘हॅज’ की ‘हॅड’, ‘कॅन’ की ‘कान्ट’, हे पुन्हा पुन्हा. तेव्हा ही किचकट शाळा वाटायची. पुढे कळलं की ‘छातीत दुखत होतं’ आणि ‘छातीत दुखतंय’ यांत एका माणसाला घरी पाठवायचं की नाही, याचा निर्णय असतो.

मग शरीरशास्त्र आणि परिभाषा. हाडांपासून सुरुवात, मग स्नायू, हृदय, फुप्फुसं, पचनसंस्था, मज्जासंस्था. झूलॉजीमुळे मला इथे हात द्यायला काहीतरी होतं. बी.कॉम. झालेल्या मुली रात्री जागून पाठ करायच्या. वैद्यकीय शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात, ते तुकडे आधी पाठ करून घेतात. शेवटी ‘आयटिस’ असेल तर दाह, ‘एक्टमी’ असेल तर तो भाग कापून काढला, ‘ऑस्टमी’ असेल तर बाहेर उघडणारं तोंड करून ठेवलं, ‘ऑटमी’ असेल तर नुसता छेद दिला. पाचेकशे तुकडे अंगात मुरले की कधी न ऐकलेला शब्दही स्पेलिंगसकट उभा करता येतो. कोलेक्टमी आणि कोलॉस्टमी यांतला फरक तुकड्यांवरून कळला की आयुष्यभर विसरत नाही.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम आधी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होत्या. वीसेक वर्षं वॉर्ड केलेले. त्या पुस्तकातून शिकवायच्याच, पण प्रत्येक शब्दाशी एक पेशंट जोडायच्या. सूज म्हटलं की पायावर बोटाने दाबल्यावर खड्डा कसा पडतो, तो किती वेळ राहतो, डॉक्टर त्याला एक प्लस, दोन प्लस कसं म्हणतात, हे सगळं त्या स्वतःच्या हातावर दाबून दाखवायच्या. त्यांच्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर रिपोर्ट लिहिताना कायम माणूस राहिला. चांगला शिकवणारा मिळणं हे या क्षेत्रात संस्थेच्या नावापेक्षा कितीतरी मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे.

सर्वांत जास्त वेळ घेतला सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांनी. इलियम दोन आहेत: ‘ई’ने लिहिलं तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, ‘आय’ने लिहिलं तर कमरेचं हाड. उच्चार एकच. पेरिनिअल म्हणजे गुह्यांगाजवळचा भाग, पेरोनिअल म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचा. हायपो आणि हायपर यांत तर रक्तदाब पडला की वाढला हाच प्रश्न, आणि घाईत बोलणारा डॉक्टर शेवटचा ‘र’ खाऊन टाकतो. हात शरीरापासून दूर नेणं आणि जवळ आणणं यांचे इंग्रजी शब्द इतके सारखे आहेत की काळजी घेणारे डॉक्टर स्वतःहून ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ अशी अक्षरं फोडून सांगतात. यातले बरेचसे शब्द संदर्भाने सुटतात. पोटाच्या ऑपरेशनमध्ये आतडं येणार, हिप फ्रॅक्चरमध्ये हाड. पण डिस्फेजिया आणि डिस्फेझिया घ्या. पहिल्यात गिळता येत नाही, दुसऱ्यात बोलता येत नाही. पक्षाघाताच्या पेशंटला दोन्ही होऊ शकतं, एकाच वेळीही. तिथे संदर्भ हात टेकतो. मग पुढे जाऊन बघायचं: डॉक्टरने स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची चाचणी सांगितलीय का, मऊ किंवा दाटसर केलेलं अन्न द्या म्हटलंय का? तसं काहीच नसेल तर?

या ‘तर?’चं उत्तर हाच आमच्या शिक्षणाचा गाभा होता. मॅडमचा नियम असा: अर्थ लागत नसेल तर लिहायचं नाही, आणि अर्थ लागतोय पण नीट ऐकू आलेलं नाही, तरीही लिहायचं नाही. जागा रिकामी सोडायची, फाइलमधली वेळ टाकायची, वाटलं तर ‘असं ऐकू येतंय’ म्हणून शेरा लिहायचा आणि पुढे जायचं. याला ब्लँक म्हणतात. ब्लँक वरच्या एडिटरकडे जातो, तिलाही नाही सुटला तर क्यूएकडे, म्हणजे शेवटची गुणवत्ता तपासणाऱ्यांकडे, आणि तिथेही नाही सुटला तर तसाच डॉक्टरकडे. तो काय बोलला हे त्यालाच माहीत असतं, तो भरतो.

ऐकायला सोपं आहे. शिकायला मला सगळ्यात जड हेच गेलं, आणि आमच्या सगळ्या बॅचलाच गेलं. आपण ज्या शाळांतून आलो तिथे पेपर कोरा सोडणं म्हणजे नापास होणं. येत नसलं तरी काहीतरी लिहून या, दोन मार्क पडतील, हे लहानपणापासून ऐकलेलं. इथे नेमकं उलटं गणित. मार्क कापण्याची पद्धत अशी होती की स्वल्पविराम चुकला तर किरकोळ, साधा शब्द चुकला तर जास्त, आणि औषध, डोस, डावी-उजवी बाजू किंवा पेशंटचं नाव चुकलं तर एका चुकीतच फाइल नापास. ब्लँकला मात्र अगदी थोडं कापायचे. लाइव्ह काम मिळायला ९८ टक्के अचूकता लागायची. मॅडम फीडबॅकच्या कागदावर रिकाम्या जागांभोवती हिरवा गोल करायच्या. ओळखता येण्यासारखी जागा आळसाने सोडली असेल तर लाल. हिरवा मिळाला की आम्ही एकमेकींना दाखवायचो.

औषधशास्त्राचा भाग मला फार आवडला. एकाच औषधाला मूळ नाव आणि कंपनीचं नाव अशी दोन नावं. भारतातली कंपनीची नावं वेगळी, अमेरिकेतली वेगळी. आपल्याकडचं क्रोसिन तिकडे टायलेनॉल, आणि आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला ते असिटॅमिनोफेन म्हणतात. सेलेब्रेक्स, सेलेक्सा आणि सेरेबिक्स ही तीन नावं मोठ्याने एकामागोमाग म्हणून बघा. पहिलं सांधेदुखीवर, दुसरं नैराश्यावर, तिसरं झटके थांबवायला. पित्तावरचं लोसेक अमेरिकेत आलं तेव्हा त्याचा लघवीच्या गोळीशी, म्हणजे लेसिक्सशी इतका गोंधळ झाला की १९९० साली त्याचं नाव बदलून प्रिलोसेक करावं लागलं. इतक्या मोठ्या कंपनीला ठरलेलं नाव बदलावं लागतं, तिथे ऐकणाऱ्याने किती सावध राहायचं, हे मॅडम या उदाहरणावरून सांगायच्या.

आकडे त्याहून अवघड. फिफ्टीन आणि फिफ्टी, सिक्स्टीन आणि सिक्स्टी. इथे औषधशास्त्र उपयोगी पडतं, कारण प्रत्येक गोळी ठरावीक ताकदीतच येते. मेटोप्रोलॉलची गोळी ५० मिलिग्रॅमची असते, १५ची नसते. पण प्रेडनिसोनचा डोस १५ही असू शकतो आणि ५०ही. तिथे कितीही अनुभव असला तरी फाइल हळू करून ऐकायची आणि नाहीच कळलं तर ब्लँक. शिवाय लिहिण्याचे नियम. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी लागू केली, ती आम्हाला तोंडपाठ करावी लागली. युनिटसाठी नुसतं ‘यू’ लिहायचं नाही, ते शून्यासारखं दिसतं. पूर्णांकाच्या पुढे दशांशचिन्ह आणि शून्य लावायचं नाही, कारण टिंब दिसलं नाही तर एकाचे दहा होतात. आणि दशांशाच्या आधी शून्य नसेल तर ते लावायचंच. डॉक्टर काहीही म्हणो, कागदावर ‘युनिट्स’ असं पूर्ण उमटलं पाहिजे.

हा नियम का आहे, हे पुढे एका खटल्याने सगळ्या धंद्याला कळलं. अलाबामा राज्यात २००८ साली एक मधुमेही बाई रुग्णालयातून सुटून पुढच्या देखभालीसाठी दुसऱ्या केंद्रात गेल्या. त्यांच्या कागदात इन्सुलिनचे ८ युनिट असायला हवे होते, ते ८० झाले. तो डोस दिला गेला आणि त्या वारल्या. ट्रान्सक्रिप्शनचं काम कंत्राटामागून कंत्राट होत भारतात आलेलं होतं. २०१२च्या डिसेंबरात ज्यूरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. मी तेव्हा क्यूएत होते. नव्या मुलींना हे सांगताना मी रकमेवर भर देत नसे. एका शून्यापाशी फाइल थांबवणारा कुणीतरी त्या साखळीत हवा होता आणि कुणीच थांबवली नाही, एवढंच सांगायचे.

डिक्टेशनचा सराव सुरू झाला तेव्हा पायाखाली पेडल आलं. पुढे दाबलं की फाइल चालू, मागे दाबलं की दोन सेकंद मागे. हात कीबोर्डवरून हलवायचे नाहीत, पायाने डॉक्टरला थांबवायचं. पहिल्या काही दिवसांत एका मिनिटाच्या फाइलला पंधरा-वीस मिनिटं लागायची. सरावाने ती तीन-चार मिनिटांत होते. सुरुवात क्लिनिकच्या छोट्या नोट्सनी. त्यांचा साचा ठरलेला: पेशंट काय म्हणतो, डॉक्टरला काय दिसतं, निदान काय, पुढे काय करायचं. मग सविस्तर हिस्टरी आणि फिजिकल, म्हणजे पेशंटचा पूर्वेतिहास आणि पूर्ण तपासणी, कन्सल्टेशन, डिस्चार्ज समरी आणि सगळ्यात शेवटी ऑपरेशनच्या नोट्स. शारीरिक तपासणीची काही वाक्यं इतक्या वेळा येतात की ती कानात घुमत राहतात: हृदयाचे ठोके नियमित, फुप्फुसं दोन्ही बाजूंनी स्वच्छ, पोट मऊ आणि न दुखणारं. सेंटिमीटरला बरेच सर्जन ‘साँटिमीटर’ म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डिक्शनरीत ‘एस-ओ’पासून शोधत बसले होते.

ऑपरेशनच्या नोट्सचं मला वेड लागलं. पित्ताशय काढायचं दुर्बिणीचं ऑपरेशन घ्या. बेंबीपाशी छोटा छेद, पोटात कार्बन डायऑक्साइड भरायचा, साधारण १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापर्यंत, मग बाकीचे पोर्ट, म्हणजे उपकरणं आत घालायची छिद्रं, पित्ताशय वर उचलायचं, त्याची नळी आणि रक्तवाहिनी वेगळी ओळखायची, क्लिप लावायच्या, कापायचं, यकृतावरून सोडवायचं, पिशवीत घालून बाहेर काढायचं. मग टाके. सुया आणि स्पंज मोजून बरोबर. ज्या मुलीने ऑपरेशन थिएटर बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं तिला हा क्रम शिंक्यावरचं लोणी काढणाऱ्या कृष्णाच्या गोष्टीइतका पाठ झाला होता. आणि धोका नेमका तिथेच होता. क्रम पाठ झाला की कान ऐकायचं सोडतात आणि बोटं पुढचं वाक्य आधीच टाइप करायला लागतात. एखाद्या दिवशी दाह इतका असतो की सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतो. एखाद्या दिवशी नळी नेहमीच्या जागी नसते. त्या एका वाक्यासाठी बाकीची पन्नास सवयीची वाक्यंसुद्धा नव्याने ऐकावी लागतात. मॅडम मुद्दाम अशा फाइल्स सरावात मिसळायच्या. नेहमीचं वाक्य तयार ठेवून एका बटणावर उमटवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण लाइव्हवर जाईपर्यंत त्यांनी ती आम्हाला वापरू दिली नाही. तेव्हा राग यायचा. आज मी कुणाला शिकवते तेव्हा मीही देत नाही.

डॉक्टर कुठून बोलेल याचा नेम नाही. गाडीतून, कँटीनमधून, नळ चालू असताना, मागे पेजर वाजत असताना. कुणी वाक्य अर्धं टाकून मागे जातं, ‘ते खोडा, तिसऱ्या परिच्छेदात असं घाला’ म्हणतं. अमेरिकेतले डॉक्टर म्हणजे सगळे अमेरिकन उच्चारांचे, असंही नाही: मेक्सिकन, फिलिपिनो, चिनी, नायजेरियन, आणि आपले तेलुगू, पंजाबी, क्वचित मराठीसुद्धा. प्रत्येक डॉक्टरच्या जुन्या रिपोर्टांचे नमुने ठेवलेले असत. नवा आवाज आला की आधी ते वाचायचे: हा माणूस कोणते शब्द वापरतो, टाक्याचा कोणता धागा वापरतो, तपासणी कोणत्या क्रमाने सांगतो. आठवड्याभरात आवाज ओळखीचा होतो. काहीजण फाइलच्या शेवटी ‘थँक यू’ म्हणायचे. ते टाइप करायचं नसतं, पण ऐकून बरं वाटायचं.

गुप्ततेचं शिक्षण पहिल्या दिवसापासून होतं. पेशंटच्या माहितीबद्दलचा अमेरिकेचा कायदा, हिपा, १९९६चा. त्यातले गुप्ततेचे नियम २००३च्या एप्रिलपासून बंधनकारक झाले, म्हणजे मी शिकत होते तेव्हा सगळं ताजं होतं. काम करताना मोबाइल, कागद, पेन काहीही जवळ नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयाला कराचीहून एका ट्रान्सक्रिप्शनिस्ट बाईंचा ईमेल गेला: माझे थकलेले पैसे मिळाले नाहीत तर पेशंटची रेकॉर्ड इंटरनेटवर टाकीन. काम एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं उतरत तिच्यापर्यंत गेलं होतं आणि रुग्णालयाला त्याचा पत्ताच नव्हता. आमच्या वर्गात त्यावर बराच वाद झाला. तिने केलं ते चूकच, यावर एकमत होतं. पण शेवटच्या माणसाला पैसे मिळतात की नाही हे कुणी विचारत नाही, हेही खरंच होतं, आणि ते वर्गात उघडपणे बोललं गेलं याचं मला आजही बरं वाटतं.

गुप्ततेचा एक भाग मात्र कुणी शिकवला नव्हता. कॅन्सरच्या एखाद्या पेशंटच्या भेटीचे रिपोर्ट महिन्यामागून महिना आपल्याच हातून जातात. वजन उतरत जातं, औषध बदलत जातं. मग एक दिवस डिस्चार्ज समरीऐवजी मृत्यूची समरी येते. त्या माणसाला आपण कधी पाहिलेलं नसतं आणि घरी जाऊन त्याच्याबद्दल बोलायलाही परवानगी नसते. अशा दिवशी मॅडम मला चहाला घेऊन जायच्या आणि काही न विचारता इकडचं तिकडचं बोलायच्या.

लाइव्ह कामाला लागल्यावर प्रत्येक फाइल शंभर टक्के तपासली जायची, मग हळूहळू नमुन्यापुरती. पैसे ओळींवर. ६५ अक्षरांची, मोकळ्या जागा धरून, एक ओळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते, म्हणून फाइल्स संध्याकाळी यायला लागायच्या आणि पाळी रात्रीची. मुदत नेहमीच्या फाइलला २४ तास, तातडीच्या फाइलला काही तासच. मुलगी रात्री कामाला जाते म्हणून साताऱ्यात शेजारी काय काय बोलले ते आईने मला फार नंतर सांगितलं. तिने त्यांना काय उत्तर दिलं, तेही. ‘ती तिकडच्या आजारी माणसांचे कागद लिहिते, तुमच्या घरात कुणी आजारी पडलं तर रात्र बघून थांबाल का?’

२००९ नंतर वारं बदललं. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड वापरणाऱ्या डॉक्टरांना सरकारने कायद्याने अनुदान दिलं आणि बरेच डॉक्टर बोलण्याऐवजी पडद्यावर टिकमार्क करायला लागले. जे बोलत राहिले त्यांचं बोलणं आधी यंत्र लिहू लागलं. आमच्याकडे ऐकून लिहायच्या फाइल्स कमी आणि यंत्राने लिहिलेलं ऐकून सुधारायच्या फाइल्स जास्त झाल्या. ओळीचा दर जवळजवळ अर्ध्यावर आला. कारण दिलं गेलं की निम्मं काम यंत्राने केलंय. हे कारण मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माणूस लिहितो तेव्हा त्याला न कळलेली जागा कागदावर दिसते. यंत्र तेव्हा ब्लँक सोडत नसे. त्याला कळलं नाही तरी ते तिथे एक सुबक, व्याकरणशुद्ध वाक्य ठेवायचं. ‘नो’ गाळलेलं वाक्य दिसायला अगदी निर्दोष दिसतं: ‘अ‍ॅलर्जी नाही’चं ‘अ‍ॅलर्जी आहे’. सुधारणाऱ्याची नजर गुळगुळीत मजकुरावरून घसरते. म्हणून सुधारताना ऐकणं लिहिताना ऐकण्यापेक्षा जास्त नेटाने करावं लागतं, आणि त्यालाच पैसे कमी.

आता त्याच्याही पुढची यंत्रं आली आहेत. ती डॉक्टर आणि पेशंटचं संभाषण ऐकून आपणहून नोट तयार करतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिस्पर नावाच्या वाक्-ओळख प्रणालीची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे १ टक्का ध्वनितुकड्यांत तिने कुणी बोललेलंच नाही अशी वाक्यं घातलेली आढळली. वाचाघात झालेल्या, अडखळत बोलणाऱ्या लोकांच्या बाबतीत हे प्रमाण जास्त होतं, कारण त्यांच्या बोलण्यात शांत जागा जास्त असतात आणि यंत्र त्या भरून काढतं. ते वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. ज्याला बोलता येत नाही त्याच्याच तोंडी न बोललेली वाक्यं जावीत, आणि तीही दवाखान्यात, याला मी तांत्रिक त्रुटी म्हणून सोडून देऊ शकत नाही. आमच्या मॅडमने पहिल्या महिन्यात शिकवलेला नियम इथे कुणीतरी यंत्राला शिकवायला हवा, आणि तोवर तपासणारा माणूस हवाच.

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीची मुलगी विचारायला आली. बी.फार्म. झालेली, घरून करता येईल असं काम हवं होतं. आता यात पडू का? मी तिला नुसतं ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नको’ही म्हटलं नाही. फक्त ट्रान्सक्रिप्शन शिकून आज पोट भरणं कठीण आहे, हे स्पष्ट सांगितलं. पण यंत्राने लिहिलेल्या नोट्स तपासणं, डॉक्टरची भेट चालू असताना दुरून नोंदी करणं, म्हणजे स्क्राइबिंग, आणि मेडिकल कोडिंग, म्हणजे आजारांना आणि उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देणं, या तिन्ही कामांचा पाया तोच आहे: शरीरशास्त्र, औषधं आणि कान. फी भरण्याआधी काय विचारायचं तेही सांगितलं. तुमच्याकडे आज लाइव्ह काम आहे का? शिकणाऱ्यांच्या फाइल्स कोण तपासतं, त्या माणसाने स्वतः किती वर्षं काम केलंय? जुन्या बॅचच्या कुणाचा फीडबॅकचा कागद बघायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला जे टाळाटाळ करतील तिथून उठून यायचं, कारण तपासणी खरी होत असेल तर तो कागद भरलेला असतो आणि दाखवायला कुणाला लाज वाटत नाही.

तिने दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी उत्तर मिळालं, ‘आमच्याकडे आता सॉफ्टवेअरच तपासतं.’ तिथून ती उठून आली. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी कपाटातून कागदांचा गठ्ठाच काढून समोर ठेवला. तिथे तिने प्रवेश घेतलाय. औषधांची नावं तिला येतात, पण अमेरिकन उच्चार अजून जड जातात, म्हणून रविवारी सकाळी ती माझ्याकडे येते आणि आम्ही दोघी एक-एक मिनिटाच्या फाइल्स ऐकतो. परवा तिने एका डोसची जागा रिकामी ठेवली आणि मला विचारलं, ‘मावशी, तुला काय ऐकू येतंय?’ मी तीनदा ऐकलं. मलाही कळलं नाही. आम्ही वेळ टाकली आणि पुढची फाइल लावली.